तात्यांचं जिवंत पाणी

तात्यांच्या सोप्यावरच्या, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवरच्या, गोष्टी सांगायला लागले की माझ्या मैत्रिणी हसतात आणि मला राग येतो. मग राग आलेला बघून त्या आणखी हसतात. एक गोष्ट संपते न संपते तोच दुसरी आठवते, कारण आमच्या घरात आठवड्याला एखादी तरी नवी तयार होतेच. इतक्या साचल्यात की आता कुठेतरी ओतायलाच हव्यात.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. कोल्हापूर दरबारच्या कचेरीत जन्म काढून पेन्शनीत निघाले आणि वर्षाच्या आत वैद्य झाले. कसे झाले? कुणा जर्मन माणसाच्या जलोपचारावरचं एक मराठी पुस्तक त्यांच्या हाती पडलं. ते अर्धं वाचून झालं आणि त्यांनी टप करायला टाकला. उरलेलं अर्धं अजून वाचायचं आहे.

उपचार असा: गार पाण्याच्या टपात कमरेपर्यंत बसायचं आणि ओल्या फडक्याने पोट चोळत राहायचं. त्यावर साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्या आणि रात्री काढा. पाण्याची विद्या जर्मनीची, गोळ्या कलकत्त्याच्या, काढा घरचा. तिन्हींपैकी कशाने गुण आला ते कळायला मार्ग नाही. गुण आला नाही तर मात्र दोष रोग्याच्या खाण्याचा.

या सगळ्याच्या मुळाशी तात्यांचा एकच सिद्धांत आहे. गार पाणी जिवंत आणि उकळलेलं पाणी मेलेलं. मेलेलं पाणी रोग्याच्या किंवा औषधाच्या जवळपासही जायचं नाही. काढासुद्धा आमच्याकडे गार पाण्यात रात्रभर भिजवून करतात. त्याला काढा का म्हणायचं हे मी एकदा विचारलं होतं. तात्यांनी मलाच एक पेला पाजला.

माझे वडील गगनबावड्याला जंगलखात्यात. कॉलेजसाठी मी तात्यांकडे राहिले आणि तात्यांना फुकटात इंग्रजी वाचणारं माणूस मिळालं. मुंबईहून येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात आरोग्याच्या नव्या शोधांचं पान असे. दर रविवारी सकाळी त्यातला एकेक शोध मी सोप्यावरच्या रोग्यांना मराठीत वाचून दाखवायचा. वाचून झालं की तात्या डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. “हे आपलंच हाय” म्हणाले की शोध पास, मग सगळा सोपा अभिमानाने मिशांना पीळ द्यायचा. “हे त्यांचं हाय” म्हणाले की शोध नापास. तिसरा निकाल मी कधी ऐकला नाही.

आतल्या दाराआड बसून हे सगळं ऐकायची ती इंदूवहिनी, तात्यांची सून. माझा चुलतभाऊ पन्हाळ्याला तालुका कचेरीत, सुटीला यायचा. वहिनीने सोप्यावर यायचं नाही आणि सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. पानं वाढली आहेत एवढं सांगायलासुद्धा मी मध्ये लागायची. तिचा पहिला मुलगा आठवड्याचा होऊन गेला. जबडा आवळला, दूध ओढेना, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. आता ती पुन्हा गरोदर होती, आणि हे मूल राहावं एवढं एकच मागणं तिच्या डोक्यात होतं.

*

आधी टपाची गोष्ट.

टप करून देणारा बाबालाल पत्रेवाला. त्याच्या आजोबांपासून दुकान आमच्या पेठेत. रविवारी तोही सोप्यावर येऊन बसायचा, आणि नवा रोगी आला की त्याच्याकडे शिंपी बघतो तसा वरपासून खालपर्यंत बघायचा.

एक पेन्शनर फौजदार कमरेचं दुखणं घेऊन आले. तात्यांनी नाडी बघायच्या आत बाबालालने कंबर बघितली.

“सायब, हे दुखणं लहान टपाचं न्हाय.”

फौजदारांनी मोठा टप घेतला. महिनाभर बसले. कंबर होती तशीच. तक्रार घेऊन आले तेव्हा तात्या म्हणाले, “पाणी कमी पडलं.”

“मी पयलंच म्हणलोतो,” बाबालाल म्हणाला, “आणि वीतभर उंच घ्या.”

दुसरा टप आला. तो इतका उंच की आत उतरायला फौजदारांना स्टूल लागायचं आणि बाहेर यायला दोन माणसं. पंधरवड्यात त्यांचे गुडघे धरले.

आता तरी तात्या काही कबूल करतील, असं मला वाटलं. तात्यांचा चेहरा उजळला. “फौजदार, लक्षात येतंय का? दुखणं कमरेतनं गुडघ्यात उतरलं. खाली चाललंय. आणि महिन्याभरानं तळपायातनं भायेर पडंल.”

फौजदारांनी हात जोडले. बाबालालनेही जोडले.

*

मग प्लेगचं पान आलं.

प्लेग उंदराकडून माणसाकडे येतो तो पिसवांमधून, हे आता डॉक्टर लोकांत ठरून गेलं आहे, असं त्यात होतं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणूस शोधतात. पिसू उडी मारते, पण फार उंच नाही. म्हणून जमिनीवर झोपू नये, घरात उंदीर होतील अशी अडगळ ठेवू नये, उंदीर मेलेला दिसला की घर सोडावं.

मी खुशीत होते. प्लेगच्या साथीत गावाबाहेर झोपड्या घालून राहिलेली माणसं ही. या शोधाची किंमत यांना सांगायला नको, असं वाटलं.

तात्यांनी डोळे मिटले. “हे आपलंच हाय. आपल्यात मंचकावर निजायची चाल हुतीच.”

शोध पास झाला. त्या रविवारी पेठेत बाजल्यांची पळवापळव झाली. फौजदारांच्या घरी एकच बाजलं होतं, त्यावर त्यांची म्हातारी आई निजायची. ती खाली आली. आमच्या घरी दोन होती. एक तात्यांचं. दुसरं वहिनीच्या खोलीत होतं ते तात्यांनी सोप्यावर आणवलं, कारण रोगी कुठे जमिनीवर टेकले आणि पिसू चावली तर?

मी विचारलं, “आणि वहिनी? तिला दिवस गेलेत. ती कुठे झोपणार?”

उत्तर दिलं फौजदारांनी, अगदी मायेने. “पोरी, बायकांस्नी भुईची सवय असती.”

जणू पिसू चावण्याआधी सवय विचारून घेते.

*

ही पुढची गोष्ट माझ्या वडिलांची आहे, त्यामुळे तिचा राग अजून ताजा आहे.

गगनबावड्याच्या पावसाने आणि जंगलाने वडिलांना हिवताप जडलेला. एकदा थंडी वाजून आली ती जाईचना, म्हणून त्यांना खाली कोल्हापुरात आणलं. मी म्हटलं, क्विनाइन द्या. तात्या म्हणाले, “माझ्या सख्ख्या भावाला इंग्रजी इख दिऊ व्हय?” आणि दातांवर दात वाजणाऱ्या माणसाला गार पाण्याच्या टपात बसवलं.

त्याच आठवड्यात मासिकात डासांचं पान होतं. हिवताप डासाच्या डंखातून अंगात येतो, आणि डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. मी ते मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग उठून परसात गेले, कारण मला एकदम आठवलं की तात्या टप कधी रिकामे करत नाहीत. पाण्यात ऊन, वारा आणि चांदणं मुरलं पाहिजे, म्हणून ते भरून ठेवलेले असतात. एका टपात वाकून बघितलं तर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नुसत्या नव्हे, लगबगीने. आत माझे वडील तीन वाकळांखाली कुडकुडत होते आणि बाहेर त्यांचं पुढचं आजारपण पोहत होतं.

मी तात्यांना हाताला धरून आणलं. मागून अख्खा सोपा आला. मी म्हटलं, “बघा. नीट बघा.”

तात्या वाकले. बघता बघता त्यांचा आवाज भरून आला.

“आता तरी पटलं का न्हाय? मी सांगत हुतो, माझं पाणी जिवंत हाय!”

वडिलांना मी क्विनाइन दिलंच. तात्यांच्या गोळ्यांच्या डबीत घालून दिलं. ते बरे होऊन गगनबावड्याला गेले, आणि त्या डबीची कीर्ती ऐकून पेठेतली आणखी चार माणसं हिवतापावर त्याच गोळ्या मागायला आली. त्यांना मात्र खऱ्या साखरेच्या मिळाल्या. ते आठवलं की अजून घास उतरत नाही.

*

तांदळाचा शोध आला तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की यावर भांडण होणार नाही.

पूर्वेकडच्या बेटांवर गिरणीतला पांढरा सडीक तांदूळ खाणाऱ्या लोकांच्या पायांतली ताकद जाते, आणि तांदळाचा कोंडा खायला दिला तर परत येते, असा तो शोध. तात्यांनी पुरते डोळेही मिटले नाहीत. “आपलंच! हातकांडणीचा तांदूळ. माझी आई हेच खात हुती.”

कोडोलीचे आप्पा चौगुले बसले होते. जैन शेतकरी माणूस, पोटाच्या तक्रारीसाठी यायचे, आणि आले की वेळ जायला भरपूर बोलायचे. ते म्हणाले, “व्हय की. आमची म्हस बगा. जन्मभर कोंडा खाती, पायाची कधी तक्रार न्हाय.”

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही हसले असते. पण दुसऱ्या दिवसापासून घरात गिरणीचा तांदूळ बंद झाला. शोध पास झाला तर तो घरात लागू करायचा, हे तात्यांचं तत्त्व. आणि लागू कोणी करायचा? वहिनीने. पोट पुढे आलेलं, आणि ही दुपारभर मुसळ घेऊन उभी. मी हातातून मुसळ ओढून घ्यायची, माझ्या हाताला फोड आले की ती परत घ्यायची. मी तात्यांकडे गेले तर म्हणाले, “कांडल्यानं बाळंतपण सोपं हुतंय. हे बी आपलंच हाय.”

सोप्यावरच्या सगळ्यांना त्या तांदळाच्या भाताचा एकेक घास चाखायला मिळाला. तात्यांनी ज्ञानाची स्तुती केली, आप्पांनी भाताची. कांडणारीचं नाव निघालं नाही.

संध्याकाळी वहिनी मुसळ भिंतीला टेकवून खाली बसली. कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाली, “वन्सं, त्या सायबानं स्वतः कधी कांडून बगितलंय का हो?”

*

आप्पा चौगुल्यांचं निघालंच आहे तर त्यांची खरी गोष्ट सांगते.

त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत पटकीची साथ होती. मासिकात पान आलं: पाणी उकळून प्या. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा. मी वाचलं आणि मासिक मिटून तात्यांकडे बघत बसले. त्यांच्या सिद्धांताच्या मानेवरच पाय पडला होता.

“हे त्यांचं हाय,” तात्या म्हणाले. “मेलेलं पाणी. ते पिऊन माणूस जगंल कसा?”

सगळ्यांनी माना हलवल्या. आप्पांची हलली नाही. जरा घुटमळत ते म्हणाले, “पर तात्या, आमच्यात तर उकळूनच पित्यात की. व्रत असलं म्हंजी तर दुसरं पाणी चालतच न्हाय. आमची आई सारं आयुष्य त्याच पाण्यावर हाय. ह्या वर्साला बी जोंधळा काढायला शेतात गेलती.”

आता सोपा तात्यांकडे बघू लागला. पिढ्यानपिढ्या उकळलेलं पाणी पिऊन धडधाकट असलेल्या अख्ख्या घराचा पुरावा समोर बसला होता, आणि तो मी आणलेला नव्हता, तात्यांचाच रोगी होता.

तात्यांनी हात उंचावून सगळ्यांना शांत केलं.

“आप्पा, तुमचं ते धर्माचं. धर्मात चालतंय. शास्त्रात चालत न्हाय.”

आप्पांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी आणखी एक आठवड्याच्या गोळ्या घेतल्या. घरी उकळलेल्या पाण्याबरोबर घेणार होते.

*

आता जी गोष्ट आहे तिच्यात हसण्यासारखं फार नाही.

वहिनीचे दिवस भरत आले होते. मासिकात धनुर्वाताचं पान आलं. या रोगाचा जंतू मातीत आणि शेणात असतो. जखमेतून आत शिरतो. नवजात बाळाची नाळ मळक्या हत्याराने कापली, किंवा तिच्यावर राख, शेण, माती लावली, तर तो तिथून शिरतो, आणि आठवड्याभरात बाळाचा जबडा आवळतो. उपाय जवळजवळ नाही. टाळणं मात्र हातात आहे. कात्री किंवा विळा आणि बांधायचा दोरा पाण्यात बराच वेळ खळखळ उकळायचा, हात धुवायचे आणि नाळेवर काहीही लावायचं नाही.

राखेचं वाक्य मी पुन्हा वाचलं. कारण मागच्या खेपेला नाळेवर काय लावलं होतं ते मला ठाऊक होतं. गोठ्यातल्या गोवरीची राख. दाराआड बांगड्यांचा आवाज थांबला होता.

मला वाटलं होतं, आज कुणी निकाल देणार नाही. आज सगळे गप्प बसतील.

फौजदारांनी घसा खाकरला. “तात्या, एक बोलू का? लगीन न झाल्याल्या पोरीनं पुरुषमाणसांत बसून असलं वाचावं का?”

“कसलं?” मी विचारलं.

“हेच. नाळ आन् काय काय.”

“मग काय म्हणू?”

त्यांनी खरंच विचार केला. “पोटाचा इकार म्हनावं. आमाला कळतंय.”

यावर चर्चा झाली. पुढच्या वेळेपासून कुठले शब्द गाळायचे ते ठरलं. बाबालाल म्हणाला, असली पानं आधी तात्यासाबांनी एकट्यानं बघावीत. तात्या म्हणाले, “आणि तसं बी हे त्यांचंच हाय. पोर गेलं ते सटवीनं लिहिल्यालं तेवढंच हुतं.” एका रोगाने घरातलं एक मूल गेलं आणि दुसरं वाटेवर आहे, आणि सोपा माझ्या तोंडातल्या शब्दांची नीती तपासत होता!

मी आत गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती.

“ते परत वाचा,” ती म्हणाली. “सावकाश. सगळं वाचा, गाळू नका.”

मी वाचलं. उकळायच्या जागी आले तेव्हा तिने विचारलं, “बराच वेळ म्हंजी किती?”

“जितका जास्त तितका बरा, असं दिसतंय.”

तिने मान हलवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

*

मी सगळ्या दारांवर धडका मारून बघितल्या. संस्थानच्या दवाखान्यात बाळंतपणाची सोय आहे, तिथे नेऊ या म्हटलं. तात्या उत्तरले, “दवाखान्यात बाळंत व्हायला ती काय बेवारशी हाय?” पन्हाळ्याहून वहिनीचा नवरा, दादा, आला, त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, “तात्यांना विचार.” मी म्हटलं, मूल तुझं आहे. तो म्हणाला, “घर तात्यांचं हाय.” आणि संध्याकाळी परत पन्हाळ्याला गेला. मुलींनी शिकावं म्हणून महाराज एवढा खटाटोप करतात, पण शिकलेल्या मुलीचं घरात ऐकावं असा हुकूम काही अजून निघालेला नाही.

शेवटी भागूबाई सुईणीकडे गेले. पेठेतली अर्धी पोरं तिच्या हातची. तिचा विळा छपराच्या वाशात खोचलेला असायचा, आणि मधल्या काळात त्याने ती गवत कापायची.

मी म्हटलं, “भागूबाई, एवढा विळा आधी उकळून घ्याल का?”

“का? गंजलाय का काय?”

“त्याला जंतू असतात.”

तिने विळा काढून उजेडात धरला, उलटा करून बघितला. “न्हाईत,” म्हणाली आणि परत खोचला. “सासूचा हाय ह्यो. उकळला तर धार जाती. मालकांनी सांगितलं तर उकळीन. तू कोण?”

एवढ्या महिन्यांत सगळ्यांनी मला जे आडून आडून सांगितलं होतं ते तिने दोन शब्दांत सांगितलं.

*

आता शेवटची. मैत्रिणी हीच पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मुलगी झाली, ती आज रांगत येऊन माझी दौत सांडते, तेव्हा शेवटाची काळजी नको. मूल टपातल्या कटिस्नानाने जगलं असं तात्या सोप्यावर सांगतात. सोपा मान डोलावतो. सांगोत बापडे. मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

रविवार होता. पहाटेपासून वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या. मागच्या खोलीत भागूबाई येऊन बसली. सोप्यावर नेहमीची मंडळी जमली होती आणि माझी वाट बघत होती, कारण मासिक आलं होतं. मी चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि भागूबाईकडे विळा मागितला. ती दारात येऊन उभी राहिली, विळा हातात घट्ट धरून. “मालकांस्नी विचारा,” म्हणाली.

विचारायला जावं लागलं नाही. पातेल्याचा आवाज ऐकून तात्याच आत आले.

“हे कशाला?”

“विळा उकळायला.”

“तारे, ह्या घरात मेलेलं पाणी बाळंतिणीजवळ जाणार न्हाय.” आणि त्यांनी तांब्या उचलून चुलीतल्या लाकडांवर ओतला. धूर उठला.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. टपातल्या अळ्या निघाल्या, बाजलं निघालं, राख निघाली. तात्या म्हणाले, “चार बुकं वाचलीस म्हणून—” मी म्हटलं, “चार तरी पुरी वाचलीत. तुमचं एक अर्धं आहे.” त्यांचा हात उठला होता. पडला असता की नाही, कोण जाणे.

“मामंजी.”

मागच्या खोलीतून आवाज आला. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना हाक मारलेली नव्हती. तात्यांना आधी कळलंच नाही कोण बोलतंय ते.

“मामंजी, मागल्या खेपंला ते पोर माझ्या मांडीवर गेलं. तोंड उघडत नव्हतं त्याचं. दूध वरच्या वर गळायचं. तवा तुमी सोप्यावर हुता.” मध्ये कळ आली असावी, ती थांबली. मग पुन्हा त्याच सुरात, “ह्या खेपंला तसं झालं तर मी पोर तुमच्या मांडीवर आणून ठेवणार. आणि तुमी उठायचं न्हाय. ते जाईस्तवर बसायचं.”

तात्यांचा उठलेला हात खाली आला.

भागूबाईने एकदा आत बघितलं, एकदा तात्यांकडे. “मालक, काय करू?”

तात्यांनी हात पुढे केला. तिने विळा दिला. तो त्यांनी पातेल्यात सोडला, वर दोऱ्याची गुंडाळी टाकली आणि चुलीसमोर बसले. जन्मात चुलीसमोर बसलेले नव्हते. फुंकणी उलटी धरली. लाकडं ओली होती, त्यांनीच केलेली. मी पुढे झाले तर त्यांनी हातानेच मला मागे सारलं. धूर माजघरातून सोप्यावर जाऊ लागला.

“तात्या,” बाहेरून फौजदारांनी हाक दिली, “धूर लई झालाय की! काय चाललंय आत?”

तात्यांनी फुंकणी खाली ठेवली. “भात टाकलाय.”

“तुमी?”

“सून अडलीय. मग कुणी टाकायचा?”

बाहेर जरा कुजबूज झाली. लाकडांनी हळूहळू पेट घेतला. पाण्याला आधण आलं आणि पातेल्यात विळा खणखणायला लागला. भागूबाईने आतून मान काढून खुणेने विचारलं, काढू का? तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

“झाला का न्हाई भात?” फौजदार ओरडले. “पोरीला पाठवा वाचायला.”

तात्यांनी आणखी एक लाकूड चुलीत सारलं.

“कच्चा हाय अजून.”